चुकलात तर कुणाला कळेल?

गेल्या जानेवारीत माझी मावसबहीण आमच्या कोपरखैरण्याच्या घरी राहायला आली आणि पुढचे पाच महिने आमच्या बाथरूमला खाडीचा वास येत होता. ती मेकॅनिकलची, आठवं सेमिस्टर, कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यातलं, इंटर्नशिप नवी मुंबईत. संध्याकाळी ती दारात आली की आई आतूनच ओरडायची, ‘‘आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर!’’ बुटांना चिखल, नखांत ग्रीस आणि बॅगेत कायम एक प्लास्टिकची बरणी. बरणीत काहीतरी हिरवट-तपकिरी, लिबलिबीत. ‘‘हे काय आहे?’’ मी एकदा विचारलं. ‘‘जहाजाच्या बुडाचं शेवाळ. आमच्या रोबोनं काढलंय. बघ ना दादा, किती छान निघालंय!’’

त्याच आठवड्यात माझ्या लिंक्डइनवर ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’ची लाट आली होती. कुणी चार आठवड्यांत तीन इंटर्नशिप पूर्ण केल्या होत्या, त्याही घरबसल्या. सगळ्यांकडे निळ्या बॉर्डरचं सर्टिफिकेट. मी हसत नाहीये हं, माझ्याकडेही तसलं एक आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. पण त्या सर्टिफिकेटांच्या शेजारी ही बरणी ठेवून पाहिली आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. इंटर्नशिप घेताना आपण कंपनीचं नाव बघतो, स्टायपेंड बघतो, स्टेशनपासून किती लांब ते बघतो. तुम्ही हा प्रश्न कधी विचारला आहे का: इथे माझं काम चुकलं तर कुणाला कळेल का?

माझं म्हणणं, सगळ्यात आधी तोच विचारा. का, ते सांगण्यासाठी मला त्या शेवाळापासून सुरुवात करावी लागेल.

कुठलीही वस्तू समुद्रात ठेवा, काही तासांत तिच्यावर जिवाणूंचा पातळ थर धरायला लागतो. मग बुळबुळीत शेवाळ येतं, आणि मग येतात बार्नेकल आणि शिंपले. बार्नेकल हा प्राणी गंमतीशीर आहे. त्याचं पिल्लू मनाजोगती जागा शोधत फिरतं, सापडली की डोकं टेकवून स्वतःला चिकटवून घेतं आणि उरलेलं आयुष्य शीर्षासनात, पायांनी अन्न ओढत काढतं. कोकणातल्या वाचकांना यातलं काहीच नवीन नाही. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की बुडाला चिकटलेलं खरवडून काढणं आणि रंग मारणं हे ठरलेलं काम असतं. पण होडी ओढता येते. मोठ्या जहाजाचा पाण्याखालचा भाग दहा हजार चौरस मीटरच्याही वर जातो, म्हणजे फुटबॉलचं जवळजवळ दीड मैदान. ते अडीच ते पाच वर्षांतून एकदा गोदीत कोरडं होतं. मधल्या काळात त्याला पाण्यातच साफ करावं लागतं.

नाही केलं तर काय होतं? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ग्लोफाउलिंग प्रकल्पाच्या अहवालात एक आकडा आहे. जहाजाच्या निम्म्या बुडावर फक्त अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर असेल, तर त्या जहाजाचं कार्बन उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. म्हणजे तेवढं जास्त इंधन जळणार. अर्धा मिलिमीटर! तुमच्या डेबिट कार्डची जाडीही याहून जास्त असते. जगाच्या एकूण उत्सर्जनात जहाजांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातला एक भाग असा निव्वळ घाणीपायी जातो.

दुसरी भानगड म्हणजे हे प्राणी फुकट प्रवास करतात. मध्य अमेरिकेकडचा, काळ्या पट्ट्यांचा एक छोटा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला. पुढे तो मुंबईच्या गोद्यांमध्येही दिसला. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या मरिनांमध्ये पोहोचला, तेव्हा तिथल्या सरकारनं मरिना बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. सोबत बाकीचं बरंच काही मेलं, पण शिंपला गेला. आता ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड जहाजाचं बूड तपासल्याशिवाय गप्प बसत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘व्हायकिंग ओरायन’ नावाच्या क्रूझला बुडावर वाढलेल्या घाणीमुळे अॅडलेडबाहेर थांबावं लागलं. नववर्षाच्या सहलीला निघालेले प्रवासी डेकवर आणि खाली पाणबुडे जहाज घासताहेत, असा तो प्रकार. म्हणून नुसतं घासून चालत नाही, निघालेली घाण गोळाही करावी लागते. बहिणीच्या बॅगेतली बरणी त्यासाठी. रोबोनं किती गोळा केलं आणि किती पाण्यात सांडलं, याचा हिशेब तिच्याकडे होता.

आता रोबो. जगात अशी यंत्रं बरीच झाली आहेत. नॉर्वेच्या योटुन या रंगकंपनीचा ‘हलस्केटर’ २०२० मध्ये आला. चुंबकाची चार चाकं असलेला हा साधारण दोनशे किलोचा गडी जहाजावरच राहतो, आणि त्याला चालवणारा माणूस किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसलेला असतो. आपल्याकडे चेन्नईची प्लॅनिस आणि कोचीची आयरोव्ह या कंपन्या पाण्याखाली तपासणी करणारे रोबो बनवतात. आयआयटी मुंबईची पोरं ‘मत्स्य’ नावाचा रोबो घेऊन अमेरिकेच्या रोबोसब स्पर्धेला जातात. बहिणीची कंपनी यातली कुठलीच नाही. तिची कंपनी म्हणजे एमआयडीसीतली एक शेड, आठ माणसं, मोठी निळी पाण्याची टाकी, आणि टेस्टिंगसाठी खाडीतल्या जेट्टीला बांधलेला एक जुना लोखंडी बार्ज. स्टायपेंड महिना आठ हजार. तिचे बाबा फोनवर म्हणाले होते, ‘‘अगं, त्यापेक्षा तो एआयचा ऑनलाइन कोर्स कर, सर्टिफिकेट तरी मिळेल.’’

पहिल्या महिन्यात तिला जे कळलं ते ऐकून मला मजा वाटायची. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, हे एकवेळ आपल्यालाही माहीत असतं. पण लोखंडी जहाजाला चिकटलेल्या रोबोला होकायंत्राचाही उपयोग नसतो, कारण सुईला उत्तर दिशेपेक्षा जहाजच जास्त आवडतं. मग आपण कुठे आहोत हे त्यानं चाकांच्या फेऱ्या, खोली आणि कॅमेरा यांवरून ताडायचं. दुसरी गोष्ट तरंगण्याची. शेडमधल्या टाकीत रोबो अगदी हवा तसा, ना बुडणारा ना तरंगणारा, असा वजनं लावून जमवला. खाडीत सोडला तर भसकन वर आला. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, हे तिनं फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात लिहिलेलं होतं. चाळीस किलोच्या रोबोसाठी ते अडीच टक्के म्हणजे एक किलो. ‘‘दादा, दोन मार्कांचा प्रश्न होता तो. मी बरोबर लिहिला होता. आणि तरी टाकीतली वजनं तशीच घेऊन गेले.’’

पण हे सगळं किरकोळ. खरी चूक फेब्रुवारीत झाली.

रोबोचा कॅमेरा आणि त्याचं सर्किट एका बंद डब्यात असतं. डब्याच्या झाकणाला रबराची गोल कडी, म्हणजे ओ-रिंग. पाण्यात सोडण्याआधी हातपंपानं डब्यातली थोडी हवा बाहेर ओढायची आणि पंधरा मिनिटं गेजचा काटा बघत बसायचं. काटा सरकला तर कुठून तरी हवा आत येतेय, म्हणजे पाणीही येणार. जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. त्या दिवशी ओहोटी लागली होती, बोटवाला घाई करत होता, वरून ऊन. बहिणीनं पाच मिनिटं काटा पाहिला आणि ‘ओके’ म्हणाली. तीन मीटर खोलीवर कॅमेऱ्याच्या काचेवर आतून वाफ धरली. मग स्क्रीनवर रेघा, मग काळं. वर काढून झाकण उघडलं तर ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस. लांब. टीममध्ये बाकी तीन मुलगे, तिघांचे केस बारीक कापलेले. केस कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

सर्किट गेलं. किंमत साधारण तिच्या पाच महिन्यांच्या स्टायपेंडएवढी. त्या रात्री ती आमच्याकडे जेवली नाही. आईला वाटलं तब्येत बरी नाही.

दुसऱ्या दिवशी काय झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. सर ओरडले नाहीत. त्यांनी तिला व्हाइटबोर्डसमोर उभं केलं आणि म्हणाले, काय झालं ते क्रमानं लिही, कुणाचं नाव न घेता. ओहोटीची वेळ आधी का पाहिली नव्हती? पंधरा मिनिटांचा नियम कुठे लिहिलेला होता? कुठेच नाही, सगळ्यांच्या तोंडी. त्या दिवसापासून झाकणावर मार्करनं ‘१५ मिनिटं’ लिहिलं गेलं आणि असेंब्लीला बसणाऱ्या प्रत्येकानं टोपी घालायची, बारीक केसवाल्यांनीसुद्धा. चार वर्षांत तिला कुठल्या व्हायवाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आता माझं सर्टिफिकेट. सेकंड इयरला मी एका डिजिटल कंटेंटवाल्या ठिकाणी दोन महिने इंटर्न होतो. रोज दहा लेख. आजचं राशिभविष्य, केस गळतीवर घरगुती उपाय, अमक्या नटीचा नवा लूक. एकदा मी एकाच लेखात तोच परिच्छेद दोनदा पेस्ट केला. कुणीच काही बोललं नाही. संपादकानं नाही, वाचकानं नाही. तो लेख आजही तसाच आहे, मी अधूनमधून उघडून बघतो. दोन महिन्यांनी ‘आउटस्टँडिंग परफॉर्मन्स’चं सर्टिफिकेट आलं. त्याउलट इथे पेपरात आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी एका कॉलेज फेस्टिवलची तारीख २१ ऐवजी १२ लिहिली. आठ ओळींची बातमी! सकाळी साडेनऊपासून फोन सुरू. डेस्कवरच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘फोन तूच घे.’’ एकोणीस फोन घेतले मी. एक मुलगी डोंबिवलीहून ड्रेपरी घेऊन कॉलेजच्या गेटवर पोहोचली होती. त्या दिवसानंतर तारीख लिहिली की मी कॅलेंडरवर बोट ठेवून बघतो. बातमी कशी तपासायची, यावर आम्हाला पूर्ण एक युनिट होतं. ते मला त्या मुलीनं शिकवलं.

यावर तुमच्यातले काही म्हणतील, ठीक आहे, पण ही ‘खऱ्या कामाची’ भाषा वापरूनच तर कंपन्या फुकट राबवून घेतात. अगदी बरोबर. आणि म्हणूनच मला उलट म्हणायचंय की ज्या कामात चूक झाली तर नुकसान होतं, ते काम कामच आहे आणि त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. ‘तू शिकतेयस ना’ हे वाक्य पगाराच्या जागी चालणार नाही. आठ हजारांत नवी मुंबईत पीजीसुद्धा धड मिळत नाही. बहीण हे करू शकली, कारण तिची मावशी कोपरखैरण्यात राहते. तिच्या वर्गातल्या, तिच्याहून हुशार मैत्रिणीला हीच ऑफर होती. तिची मावशी इथे राहत नाही. ती आता घरून ऑनलाइन काहीतरी करतेय. इंटर्नशिपला क्रेडिट देणाऱ्यांनी राहण्या-खाण्याचं गणितही मांडायला हवं, नाहीतर हात घाण करायची संधीसुद्धा फक्त नातेवाईकवाल्यांची होऊन बसेल.

आणि जेट्टी. केसाचा किस्सा झाल्यावर तिथला एक कंत्राटदार सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘म्हणून बायांना बोटीवर घेत नाहीत.’’ बार्जवर स्वच्छतागृह नव्हतं. मुलांना त्यानं काही अडत नव्हतं. बहीण टेस्टिंगच्या दिवशी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत पाणी प्यायची नाही, एप्रिलच्या उन्हात. ही गोष्ट तिनं सरांना सांगायला दोन महिने लावले. सांगितल्यावर जेट्टीजवळच्या एका ऑफिसची किल्ली चार दिवसांत मिळाली. चांगली माणसंसुद्धा समोर मुलगी उभी राहीपर्यंत हा विचार करत नाहीत. पोरींनो, दोन महिने थांबू नका, पहिल्या दिवशीच विचारा.

मार्चमध्ये मी एकदा तिच्याबरोबर बार्जवर गेलो होतो, सुट्टी होती म्हणून. तिथे मला पाणबुडे काका भेटले. उरणकडचे, वीसेक वर्षं जहाजांची बुडं घासण्याचं काम करणारे. कंपनीनं त्यांना रोबोच्या मागे पाण्यात जाऊन बघायला ठेवलं होतं.

मुंबईच्या आसपासची खाडी तुम्ही पाहिली असेलच. चहात बोट बुडवलं तर जेवढं दिसेल तेवढंच तिथे पाण्याखाली दिसतं. मी काकांना विचारलं, तुम्हाला खाली काही दिसतं तरी का? ते म्हणाले, ‘‘डोल्यांनी नाय रं, हातान बगतो आमी.’’ मग त्यांनी आम्हा दोघांना बार्जच्या कडेला नेलं, जिथे ओहोटीनं लोखंड उघडं पडलं होतं, आणि डोळे मिटून हात ठेवायला सांगितलं. गुळगुळीत, बुळबुळीत ते शेवाळ. टोचलं ते बार्नेकल. आणि एक जागा अशी होती, जिथे मला काहीच वेगळं लागलं नाही. बहीण म्हणाली, ‘‘इथे कोरडं वाटतंय. रंग गेलाय?’’ काका खूश. ‘‘कललं पोरीला!’’

हे तिला कळायला एक प्रसंग कारण होता, आणि तो या पाच महिन्यांतला सगळ्यात मोठा धडा, असं तीच म्हणते. नवे ब्रश लावून रोबोची पहिली फेरी झाली तेव्हा शेडमध्ये सगळे आनंदात होते. व्हिडिओत लोखंड लख्ख. बरणीतही भरपूर माल. तेवढ्यात काका वर आले आणि त्यांनी हातमोजा पुढे केला. मोज्यावर तांबूस डाग. रंग निघाला होता.

हा रंग म्हणजे साधा रंग नव्हे. त्यातलं तांबं हळूहळू झिरपून जिवांना चिकटू देत नाही. पूर्वी याहून जालीम, कथिलाची संयुगं असलेला रंग वापरायचे. त्यानं फ्रान्समधल्या आर्काशाँ खाडीतल्या कालवांची पैदास कोलमडली, समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. शेवटी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ मध्ये तो लागू झाला. तर कडक ब्रशनं रंगही खरवडला, की एकीकडे तांबं पाण्यात जातं आणि दुसरीकडे उघड्या पडलेल्या जागी पुढच्या महिन्यात दुप्पट बार्नेकल बसतात. कॅमेऱ्याला जे ‘एकदम क्लीन’ दिसत होतं, ते प्रत्यक्षात नुकसान होतं. मऊ ब्रश लावायचे, शेवाळ कोवळं असतानाच पुन्हा पुन्हा हलक्या हातानं घासायचं, बार्नेकल धरेपर्यंत थांबायचंच नाही, हे मग ठरलं. बहिणीचे पुढचे दोन महिने ब्रशचा दाब किती असावा, यातच गेले. रंगवलेल्या पत्र्यांवर टेस्ट करायची, पत्रा काकांच्या हातात द्यायचा, ते बोटं फिरवून सांगणार, ती आकडा लिहून घेणार. एका माणसाच्या बोटांतली वीस वर्षं ती एक्सेलमध्ये भरत होती.

आणि इथेच मला थोडं अडखळायला होतं. त्या दिवशी डबा खाताना काकांनी तिला सहज विचारलं, ‘‘ह्ये यंत्र चाललं, त आमचा काय गो?’’

बहीण काहीच बोलली नाही. आपण अशा वेळी जे बोलतो ते मी बोललो: धोकादायक काम यंत्र करेल, माणसं सुरक्षित राहतील. काका हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून नीट पचलेलं नाही. जहाजाची बाजू, म्हणजे सपाट भिंत, हे त्यांचं सोपं काम. अवघड काम वेगळंच: पंखा, सुकाणू, आणि समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळ्या. त्या जाळ्यांजवळ हात असताना वर कुणी चुकून पंप चालू केला, तर माणूस तिथेच ओढला जातो. रोबोची चाकं त्या कोपऱ्यांत जातच नाहीत. म्हणजे सोपं, सुरक्षित, दिवस भरून देणारं काम यंत्राकडे, आणि जीव धोक्यात घालणारं तेवढं माणसाकडे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०११ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही या कोपऱ्या-कपाऱ्यांकडे वेगळं लक्ष द्यायला सांगितलंय, कारण सगळ्यात जास्त जीव तिथेच लपून प्रवास करतात. ते काम संपणार नाही.

म्हणून माझा दुसरा प्रश्न, पहिल्याच्या जोडीला. तुमच्या इंटर्नशिपमध्ये जे बनतंय, ते आज हातानं कोण करतं, आणि त्या माणसाशेजारी तुम्ही कधी बसलात का? तुम्ही मेकॅनिकलचे असा, कम्प्युटरचे असा किंवा माझ्यासारखे बीएमएमसीवाले असा. कॉल सेंटरचा बॉट बनवत असाल तर कॉल घेणाऱ्या मुलीशेजारी. बिलिंगचं अॅप असेल तर वहीवाल्या मुनीमजींशेजारी. बसल्यावर नोकरी वाचवता येईलच, असा माझा दावा नाही. बहिणीलाही ती वाचवता येणार नाही. पण रोबो चालवायला पंचविशीतला जॉयस्टिकवाला कशाला हवा, पाण्याखाली काय लागतं हे ज्याला बोटांनी कळतं त्याला ट्रेनिंग द्या, एवढं तिनं मे महिन्यात शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये मांडलं. सर म्हणाले, बघू. काका दोन दिवस कंट्रोलरवर बसले, रोबो दोनदा उलटा केला, तिसऱ्यांदा नीट नेला. पुढे काय होईल ते माहीत नाही. त्या जाळ्या साफ करणारं यंत्र बनवायचा विचारही शेडमध्ये आता सुरू झालाय, कारण तो प्रश्न डबा खाताना कुणीतरी विचारला होता.

जूनमध्ये ती परत गेली. बाथरूमचा वास गेला, बरणी मात्र एक राहिलीये, फ्रिजवर, आई टाकू देत नाही. परवा तिचा फोन आला. ब्लॅक बुकचं सबमिशन होतं. काळी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, सगळं फॉरमॅटप्रमाणे. तिनं आभाराच्या पानावर सरांच्या आधी काकांचं नाव घातलं होतं, हुद्दा ‘पाणबुडे’. कॉलेजच्या गाइडनी पान परत केलं. म्हणाले, आधी प्राचार्य, मग एचओडी, मग गाइड, मग इंडस्ट्री मेंटॉर, आणि ‘अदर स्टाफ’ एका ओळीत शेवटी, नावं नकोत. तिनं क्रम बदलून दिला, प्राचार्य पहिले. नाव काढलं नाही. पुन्हा परत आलं. पुन्हा तसंच दिलं. तिसऱ्यांदा बाइंडिंग उसवून पुन्हा करायला साडेतीनशे रुपये गेले, आणि दुकानदारानं विचारलं म्हणे, की मॅडम, नक्की काय चुकलंय यात?

चौथ्या ओळीत नाव आहे. गाइडनी सही केलीये.